चेहऱ्याची रिकामी जागा

न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून एक बाई चालली आहे. आपल्याला ती पाठमोरीच दिसते. फिकट रंगाचे केस, अंगात कोट, कोटाला फरची कॉलर. तिच्या पाठीवर एका पुरुषाच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली पडली आहे. सावलीतलं डोकं नेमकं त्या फरवर आल्यामुळे तिथले केस ताठ उभे राहिल्यासारखे दिसतात. हसू येतं. मग लक्षात येतं, की हा माणूस त्या बाईच्या अगदी मागे येऊन ठेपलाय आणि तिला त्याचा पत्ताही नाही. हसू जरा आवरतं घ्यावं लागतं.

ही सावली ली फ्रीडलँडर या अमेरिकन छायाचित्रकाराची. फोटो १९६६ सालचा. आपलं नाक, डोळे, वय, रंग यातलं काहीही न दाखवता फ्रीडलँडरने हे स्वतःचं छायाचित्र म्हणून लोकांसमोर ठेवलं. १९७० मध्ये त्याने 'सेल्फ पोर्ट्रेट' नावाचं पुस्तक स्वतःच्याच हेवायर प्रेसतर्फे काढलं. त्यात कुठे तो दुकानाच्या काचेत अर्धामुर्धा दिसतो, कुठे आरशात, तर कुठे सावली होऊन रस्त्यावर लोळतो. काही फोटोंत चेहराही आहे. पण लक्षात राहतात ते बिनचेहऱ्याचेच.

नवशिक्या छायाचित्रकाराला त्या काळी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जात. ऊन पाठीशी ठेवा, आणि आपली सावली फोटोत येऊ देऊ नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात या दोन्ही सूचना एकदम पाळायच्या म्हणजे कसरतच. फ्रीडलँडरने पहिली सूचना पाळली आणि दुसरी मुद्दाम मोडली. नवख्याच्या हातून होणारी चूक उचलून त्याने तिची शैली केली. त्याचा खोडकरपणा, रस्त्यावरच्या परक्या माणसांशी असलेली त्याची थोडी आगाऊ जवळीक आणि स्वतःलाच हास्यास्पद करण्याची तयारी हे सगळं त्या एका फोटोत सापडतं. त्याचा पासपोर्टचा फोटो शेजारी ठेवला असता, तर त्यातून यातलं काय कळलं असतं?

पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्याखेरीज काहीच नसतं, आणि म्हणूनच माणूसही नसतो. चेहरा ओळख पटवतो, पण स्वभाव सांगेलच याची खात्री नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा कसा धरायचा हे आपण लहानपणापासून शिकत आलेलो असतो. कोणती बाजू बरी दिसते, किती हसायचं, हनुवटी कुठे ठेवायची, सगळं घोटून तयार असतं. चेहरा काढून घेतला, की फोटोत एक जागा रिकामी होते. छायाचित्रकार त्या जागी काय आणून ठेवतो, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. नुसतं लपवल्याने काहीच साधत नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बमांत मेंदीभरल्या हातांचा फोटो असतोच असतो. त्यातही चेहरा नसतो. पण अल्बमांची अदलाबदल झाली, तर तो फोटो कुणाच्या हातांचा हे नवऱ्या मुलीलाही सांगता यायचं नाही. समुद्रकिनाऱ्यावर पसरलेल्या पायांच्या सुट्टीतल्या फोटोंचीही तीच गत.

सावलीचा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९१६ मध्ये लेक जॉर्जच्या पाण्यावर पडलेल्या दोन सावल्या टिपल्या. एक त्याची, दुसरी चित्रकार मित्र अब्राहम वॉकोविट्झची. पुढे मंदीच्या काळातल्या शेतकऱ्यांच्या छायाचित्रांमुळे जगभर नाव झालेला वॉकर इव्हान्स १९२७ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या ज्वां-ले-पॅं या गावी होता. तेव्हा त्याला लेखक व्हायचं होतं. तिथे त्याने भिंतीवर पडलेल्या आपल्याच सावलीचे फोटो काढले. एकात टोपी घातलेल्या तरुणाची बाजूने दिसणारी बाह्याकृती आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंद्रे कर्टेश या हंगेरियन छायाचित्रकारानेही कॅमेऱ्यासह स्वतःची सावली टिपली.

सावलीला स्वतःचं शास्त्र आहे आणि ते माहीत असलेलं बरं. सूर्य ठिपका नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते. त्यामुळे सावलीची कड कधीच पूर्ण धारदार नसते, आणि वस्तू पडद्यापासून जितकी दूर तितकी कड अधिक पसरट. साधारण हिशेब असा, की समोरची भिंत तीन मीटरवर असेल तर कडेचा धूसर पट्टा तीनेक सेंटीमीटरचा होतो. म्हणून जमिनीवरच्या लांब सावलीत पावलं स्पष्ट दिसतात आणि डोकं पुसट होत जातं. सूर्य ४५ अंशांवर असला की सपाट जमिनीवर सावली उंचीइतकी पडते. त्याखाली उतरला की माणूस लांबायला लागतो. दुपारी तो आखडून पायाशी गोळा होतो. महाराष्ट्रात तर वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. मुंबईत हा दिवस मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैअखेरीस. जुलैतला सहसा ढगांतच जातो, त्यामुळे त्याची दखल कुणी घेत नाही.

सावली कशावर पडते हे मात्र शास्त्राच्या हातात नसतं. कोऱ्या भिंतीवर पडलेली सावली फार तर 'इथे कुणीतरी होतं' एवढंच सांगते. फ्रीडलँडरची सावली परक्या बाईच्या पाठीवर पडली, म्हणून ती बोलायला लागली.

व्हिव्हियन मायरच्या सावल्या वेगळंच बोलतात. १९२६ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या या बाईने उभं आयुष्य इतरांची मुलं सांभाळण्यात घालवलं, त्यातला मोठा काळ शिकागो परिसरात. फावल्या वेळात गळ्यात रोलीफ्लेक्स कॅमेरा अडकवून ती रस्त्यांवर फिरायची. तिची निगेटिव्ह एक लाखाच्या वर भरतात. पण कुणाला काही दाखवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. कितीतरी रिळं तर धुतलीच गेली नाहीत. गोदामाचं भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातला एक मोठा गठ्ठा जॉन मालूफ या तरुणाने विकत घेतला आणि हळूहळू हा खजिना उघड झाला. मायर २००९ मध्ये वारली. आपलं नाव जगभर होणार आहे हे तिला कळलंच नाही.

रोलीफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. तो छातीशी किंवा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. त्यामुळे समोरच्याला आपला फोटो निघतोय याची शंका येत नाही. मायरच्या सावल्यांमध्ये ही ठेवण नेमकी दिसते. कडेची हॅट, रुंद खांदे, बाहेर आलेले कोपर, स्थिर उभी आकृती. ही आकृती हिरवळीवर पडते, भिंतीवर पडते, फुटपाथवर पडते आणि पुष्कळदा चौकटीचा बराच भाग व्यापून बसते. ज्या घरांत ती राहिली तिथल्या लोकांना ती आपलं नाव निरनिराळ्या प्रकारे सांगायची, खोलीला कुलूप हवं असा आग्रह धरायची. माणसांत राहून माणसांपासून अंतर राखणारी ही बाई. चेहरा दाखवणारी तिची आरशातली छायाचित्रंही बरीच आहेत, पण त्यांत तिचा चेहरा इतका निर्विकार आहे की सावलीच जास्त बोलकी ठरावी.

इथे एका धोक्याबद्दल बोलायला हवं. चरित्र आधी कळलं, की आपण ते फोटोत वाचायला लागतो. मायरच्या बाबतीत हे थोडंफार होतं, फ्रान्सिस्का वुडमनच्या बाबतीत फारच. वुडमन १९५८ मध्ये डेन्व्हरला जन्मली, ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकली आणि जानेवारी १९८१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये तिने आत्महत्या केली. प्रॉव्हिडन्समधल्या पडक्या घरांत काढलेल्या तिच्या फोटोंत ती स्वतः असते, पण धड सापडत नाही. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि त्या वेळात अंग हलवायचं, ही तिची युक्ती. सोललेल्या रंगाची भिंत, खिडकी आणि फरशी लख्ख उमटतात, तिचा चेहरा मात्र धुरासारखा विरतो. कधी ती भिंतीवरून सुटलेल्या कागदामागे उभी असते. हे सगळं पाहून 'बघा, तिला नाहीसंच व्हायचं होतं' असा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे.

पण १९७६ चा एक फोटो पाहावा. तीन विवस्त्र तरुणी ओळीने उभ्या आहेत आणि तिघींनीही वुडमनच्या चेहऱ्याचा फोटो मुखवट्यासारखा आपापल्या तोंडासमोर धरलाय. यातली खरी वुडमन कोणती? ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने शोधावं. हे मरणाच्या छायेतल्या मुलीचं काम वाटत नाही. अठरा वर्षांच्या हुशार, मिस्कील कलाविद्यार्थिनीचं वाटतं. फोटो काढताना तिला स्वतःचा शेवट माहीत नव्हता. तो आपल्याला माहीत आहे, एवढाच फरक.

सावली आणि धूसरपणा यांत शरीर थोडं तरी पातळ होतं. जॉन कोप्लान्सने अगदी उलट केलं. त्याने शरीराचा सगळा भार चौकटीत आणून ठेवला.

कोप्लान्सचा जन्म १९२० चा, लंडनचा. दुसऱ्या महायुद्धात तो लढला, मग चित्रकार झाला, १९६० मध्ये अमेरिकेला गेला. 'आर्टफोरम' हे पुढे अतिशय वजनदार ठरलेलं कलाविषयक मासिक १९६२ मध्ये सुरू करणाऱ्यांत तो होता आणि नंतर त्याचा संपादकही झाला. संग्रहालयाचं संचालकपदही त्याने सांभाळलं. म्हणजे इतरांच्या कलेवर लिहिण्यात आणि ती मांडण्यात उमेदीची वर्षं गेली. मग १९८४ मध्ये, ज्या वयात लोक पेन्शनच्या हिशेबाला लागतात त्या वयात, त्याने कपडे उतरवले आणि स्वतःचं शरीर टिपायला सुरुवात केली. डोकं कधीही न दाखवता. हे काम तो २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत करत राहिला.

त्याची पद्धत अशी. मागे साधा पांढुरका पडदा. कॅमेऱ्यात पोलरॉइडची मोठी फिल्म, जिच्यातून लगेच एक प्रिंटही मिळते आणि निगेटिव्हही. स्वतःची पाठ स्वतःला दिसणार कशी? त्यासाठी व्हिडिओ कॅमेरा लावलेला आणि त्याचं चित्र समोरच्या पडद्यावर. त्यात पाहून कोप्लान्स अंग वळवणार, मूठ जरा वर, खांदा जरा खाली, आणि हवी ती आकृती जमली की मदतनीस बटण दाबणार. प्रिंट पुष्कळदा माणसाच्या खऱ्या अंगाहून मोठ्या. कधी एकच शरीर दोन-तीन तुकड्यांत वर-खाली जोडलेलं आणि तुकडे मुद्दाम नीट न जुळणारे.

१९८४ च्या एका छायाचित्रात त्याची रुंद, केसाळ, सुटलेली पाठ चौकट व्यापून बसली आहे. डोकं पुढे झुकवल्यामुळे ते दिसतच नाही. दोन्ही हात वर घेऊन मुठी खांद्यांच्या वर टेकवल्या आहेत, त्यामुळे डोक्याच्या जागी दोन लहान मुठी डोकावतात. पाहताना आधी दगडाचा घडीव ठोकळा वाटतो, मग एखादा विचित्र प्राणी, मग म्हातारा माणूस. त्यात कीव नाही, लाजही नाही. पोट सुटलंय तर सुटलंय, कातडी लोंबतेय तर लोंबतेय. कलेच्या इतिहासात नग्न शरीर म्हणून जे मिरवलं गेलं ते बहुतेक तरुण, सुडौल आणि घोटलेलं. आयुष्यभर त्या इतिहासावर लिहिलेल्या माणसाने त्याच्यासमोर आपलं साठी उलटलेलं अंग नेऊन ठेवलं. चेहरा असता तर हा 'अमुक एक समीक्षक' झाला असता आणि प्रकरण चावटपणात जमा झालं असतं. चेहरा नसल्याने पाहणाऱ्याला पळवाट उरत नाही. या वयाचं अंग प्रत्येकाच्या घरात असतं, आणि वाट्यालाही येणार असतं.

जपानमध्ये इशिउची मियाकोने याच सुमाराला आणखी काटकसर केली. तिचा जन्म १९४७ चा. चाळिशी ओलांडल्यावर तिने आपल्याच वर्षी जन्मलेल्या ५० बायका गाठल्या आणि त्यांच्या हातापायांचे अगदी जवळून फोटो काढले. भेगाळलेल्या टाचा, घट्टे, सुरकुतलेली बोटं. पुस्तकाचं नावच १९४७ या आकड्यावरून. स्वतःच्या वयाचं चित्र काढायला तिने समवयस्कांचे हातपाय वापरले. काटेकोर व्याख्येत हे सेल्फ-पोर्ट्रेट बसत नाही, पण त्याचं तिला काही वाटलं असेल असं दिसत नाही.

कॅलिफोर्नियाची लॉरा अगिलार शरीर घेऊन उघड्या माळावर गेली. ती मेक्सिकन वंशाची, देहाने स्थूल, आणि ऐकलेलं नीट उमगू न देणाऱ्या शिकण्याच्या अडचणीमुळे शब्दांशी कायम झगडत आलेली. १९९६ पासून तिने न्यू मेक्सिकोच्या आणि पुढे इतर वाळवंटी भागांत स्वतःचे नग्न फोटो घेतले. त्यांपैकी अनेकांत ती पाठमोरी किंवा अंग मुडपून बसलेली आहे, चेहरा दडलेला. शेजारी मोठे गोल धोंडे. खांद्याचा उतार आणि धोंड्याचा उतार एकाच रेषेत यावा इतकी तिने जागा पारखून घेतलेली असते. ज्या शरीराकडे शहरात लोक वळून बघत, ते इथे आसपासच्या दगडांत सहज सामावतं.

आना मेंडिएता त्याही पुढे गेली. १९६१ मध्ये, क्युबातल्या क्रांतीनंतर, हजारो मुलांना आईबापांविना अमेरिकेला पाठवण्यात आलं, त्यात बारा वर्षांची आना आणि तिची बहीण होती. आयोवामध्ये कधी अनाथालयात, कधी परक्या कुटुंबांत त्या वाढल्या. १९७३ मध्ये मेक्सिकोतल्या यागुल इथल्या प्राचीन थडग्यात आना विवस्त्र झोपली आणि अंगावर पांढरी फुलं अशी पसरून घेतली की ती देहातूनच उगवल्यासारखी वाटावीत. चेहरा फुलांखाली. पुढे तिने स्वतःला चित्रातून काढूनच टाकलं. आपल्या अंगाच्या मापाची आकृती चिखलात, वाळूत, गवतात कोरायची. कधी तिच्यात फुलं भरायची, कधी बंदुकीची दारू घालून ती पेटवायची. मग फोटो काढून निघून जायचं. पाऊस किंवा भरतीचं पाणी बाकीचं काम करायचं. अशी कामं तिने १९८० पर्यंत आयोवा आणि मेक्सिकोत केली. यात आता ना चेहरा, ना शरीर, फक्त कुणीतरी इथे पडून होतं याची खूण. मायदेश लहानपणी तुटलेल्या बाईने अनोळखी जमिनीवर पुन्हापुन्हा आपलं माप टेकवून पाहावं, यातून तिच्याबद्दल जे कळतं ते नाक-डोळ्यांतून कळलं नसतं.

शरीरही नको म्हटलं तर वस्तू उरतात. कर्टेशने १९२६ मध्येच चित्रकार मोंद्रियानच्या घरी जाऊन त्याचा चष्मा आणि पाइप टिपला होता. मालकाविना मालकाचं चित्र. पन्नास वर्षांनी ही रीत त्याच्या स्वतःच्या कामी आली. १९७७ मध्ये त्याची बायको एलिझाबेथ वारली. काही काळाने एका दुकानात त्याला काचेचा छोटा अर्धपुतळा दिसला. मान आणि खांद्याची ठेवण थेट एलिझाबेथची वाटली. तो त्याने घरी आणला, न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअरकडे उघडणाऱ्या खिडकीत ठेवला, आणि छोट्या पोलरॉइड कॅमेऱ्याने त्याचे फोटो काढत राहिला. कधी पुतळ्यात उलटं आकाश भरलेलं, कधी शहराच्या इमारती. १९८१ मध्ये यांचं पुस्तक निघालं. या चित्रांना कुणी सेल्फ-पोर्ट्रेट म्हणत नाही. म्हणायला हवं. ऐंशी पार केलेला, घरात एकटा उरलेला माणूस त्यांत स्वच्छ दिसतो.

वस्तूंतून माणूस दिसतो हा नुसता कवीचा समज नाही. फ्लोरिडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झिलर यांनी १९७० च्या दशकात लोकांच्या हाती कॅमेरा देऊन सांगितलं, की 'तुम्ही कोण आहात' हे सांगणारे बारा फोटो काढा किंवा कुणाकडून काढून घ्या. प्रश्नावलीऐवजी फोटो, एवढाच बदल, पण त्यातून संशोधनाची एक पद्धतच रुळली. मानसशास्त्रज्ञ सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांचा २००२ मधला अभ्यास तर या प्रकरणासाठीच केल्यासारखा आहे. त्यांनी कामाच्या ९४ जागा आणि निजायच्या ८३ खोल्या परक्या निरीक्षकांना दाखवल्या. तिथले मालकांचे फोटो आणि नावं आधी झाकून टाकली होती. तेवढ्यावरून निरीक्षकांनी बांधलेले स्वभावाचे अंदाज काही बाबतींत बरेच जुळले. नव्या अनुभवांची ओढ सर्वांत चांगली ओळखता आली. खोलीच्या नीटनेटकेपणावरून शिस्तीचा अंदाजही बऱ्यापैकी लागला. मनमिळाऊपणाचा अंदाज मात्र खोली पाहून नीट बांधता आला नाही. फोटोतही बहुधा हेच होत असावं. टेबलावरचा पसारा दाखवून आपण काय वाचतो, किती टापटीप आहोत हे सांगता येतं. आपण कनवाळू आहोत हे पटवायला पसारा पुरत नाही.

या वाटेला शेवट कुठे? स्टिग्लिट्झने १९२२ पासून ढगांचे फोटो काढायला घेतले आणि ते आपल्या अंतरंगाचे समतुल्य आहेत असं मांडलं. फोटो सुंदर आहेत यात वाद नाही. पण त्याचं म्हणणं बाजूला ठेवलं तर ते ढगच आहेत. कुणाचेही. चित्राच्या आत धरायला काहीतरी हवं, निदान फरवर उभे राहिलेले केस तरी.

याच्या दुसऱ्या टोकाला पालघर जिल्ह्यातलं जव्हार आहे. या भागातल्या बोहाडा या उत्सवात देवदेवतांचे आणि पुराणातल्या पात्रांचे रंगीत मुखवटे नाचवले जातात, आणि कागदाच्या लगद्यापासून ते घडवणारे कसबी कारागीर इथे आहेत. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून सुभाष आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना आणि त्यांच्या कोकणा व वारली साथीदारांना वेगळेच मुखवटे करायला सांगितले. देवांचे नव्हे, रोजच्या जगण्यातले. माणसांचे चेहरे, पशुपक्षी, घरातल्या मोलाच्या वस्तू. मग तेच मुखवटे चढवून गावकऱ्यांनी आपल्याच आवारात आपल्याच आयुष्यातले प्रसंग उभे केले. मुखवटा वगळता कपडे, भिंती, खाट, भांडी सगळं खरं. 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' नावाची ही मालिका २०१७ मध्ये 'डॉक्युमेंटा' या युरोपातल्या बड्या प्रदर्शनात गेली.

कॅमेरा गिल यांच्या हाती होता, मग ही गावकऱ्यांची स्वतःची चित्रं कशी, असा आक्षेप येऊ शकतो. पण कोप्लान्सच्या स्टुडिओतही बटण दुसराच दाबत होता. कुठलं अंग कसं दाखवायचं हे कोप्लान्स ठरवायचा, म्हणून ते चित्र त्याचं. जव्हारला कोणतं तोंड लावायचं, ते कसं रंगवायचं आणि ते लावून काय करायचं, यात गावकऱ्यांचा वाटा मोठा. गिल यांनीही या कामात त्यांना सहभागी कलाकारच मानलं आहे.